शब्दांची शिरगणती

संगणकाला शब्द मोजायला लावणे हा प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या पहिल्या काही धड्यांपैकी एक. मजकुराची एक फाईल घ्यावी, तिच्यात कोणता शब्द किती वेळा आला हे मोजावे आणि सर्वांत जास्त वेळा येणारे दहा-वीस शब्द छापून दाखवावेत. काम एवढेच. तरीही याच कामावरून १९८६ साली संगणकशास्त्रातील दोन दिग्गजांची जुगलबंदी रंगली होती आणि तिची चर्चा प्रोग्रॅमरांच्या जगात आजही होते.

‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात जॉन बेंटली त्या काळी एक लोकप्रिय सदर लिहीत. त्यांनी डोनाल्ड क्नुथ यांना विनंती केली, की शब्द मोजण्याचा हा प्रोग्रॅम तुमच्या खास पद्धतीने लिहून द्या. क्नुथ म्हणजे ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथमालेचे कर्ते. प्रोग्रॅम हा यंत्रासाठी नव्हे तर माणसाने वाचण्यासाठी, एखाद्या निबंधासारखा लिहिला जावा, असा त्यांचा आग्रह होता आणि त्यासाठी त्यांनी स्वतंत्र लेखनपद्धतीही तयार केली होती. त्यांनी लिहून दिलेल्या प्रोग्रॅमने अनेक छापील पाने व्यापली. शब्द साठवण्याची अत्यंत कल्पक रचना त्यात होती.

या प्रोग्रॅमचे समीक्षण बेंटली यांनी बेल लॅब्जमधील डग मॅकिलरॉय यांच्याकडे सोपवले. मॅकिलरॉय यांनी क्नुथ यांच्या कारागिरीची मनापासून वाखाणणी केली आणि मग शांतपणे सहा आज्ञा लिहून दाखवल्या. युनिक्स या संगणक प्रणालीत आधीपासूनच असलेली छोटी छोटी साधने एकापुढे एक जोडली, की तेच काम होते, हा त्यांचा मुद्दा होता. एका साधनातून निघालेला मजकूर थेट पुढच्या साधनात सोडणारी ही ‘नळा’ची कल्पना मुळात त्यांचीच. १९७३ साली ती युनिक्समध्ये आली.

त्या सहा आज्ञांचे काम समजून घेण्यासाठी संगणक येण्याची गरज नाही. मतपत्रिकांच्या काळातील मतमोजणी आठवली तरी पुरे. पहिली आज्ञा मजकुरातील जे जे अक्षर नाही ते सर्व, म्हणजे मोकळ्या जागा, स्वल्पविराम, आकडे, काढून टाकते आणि प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर आणते. जणू पेटी उघडून मतपत्रिका सुट्या केल्या. दुसरी आज्ञा इंग्रजीतील मोठी अक्षरे लहान करते, म्हणजे वाक्याच्या आरंभीचा आणि मध्ये आलेला तोच शब्द दोन वेगळे उमेदवार ठरू नयेत. तिसरी सर्व ओळी वर्णक्रमाने लावते, त्यामुळे एकसारखे शब्द आपोआप एकाखाली एक येतात आणि गठ्ठे तयार होतात. चौथी प्रत्येक गठ्ठ्यावर त्याची संख्या लिहिते. पाचवी या संख्यांनुसार उतरता क्रम लावते आणि सहावी हवे तेवढे वरचे निकाल दाखवून थांबते. संपूर्ण मोजणी सहा ओळींत संपली.

दुसरा मार्ग किराणा दुकानदाराच्या खातेवहीसारखा आहे आणि आजचे बहुतेक प्रोग्रॅम त्याच मार्गाने जातात. मजकूर सुरुवातीपासून एकदाच वाचायचा. नवा शब्द भेटला की त्याच्या नावाचे खाते उघडून त्यात एक लिहायचा. ओळखीचा शब्द भेटला की त्याच्या खात्यात एकाची भर घालायची. लाखो खात्यांतून नेमके खाते झटकन सापडावे कसे, यात खरी गंमत आहे. संगणक शब्दातील अक्षरांच्या अंकांवर एक गणित करतो आणि त्याचे उत्तर म्हणजेच त्या खात्याच्या कप्प्याचा क्रमांक. त्यामुळे वही चाळण्याची वेळ सहसा येतच नाही. ‘पायथन’ या भाषेत तर ‘काउंटर’ नावाची तयार सुविधाच आहे. विद्यार्थ्याने शब्दांची यादी तिच्या हाती दिली की मोजणी तयार.

एवढ्याशा मोजणीतून निघते काय, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर संगणकाच्याही आधीपासून मिळत आले आहे. जर्मनीत फ्रीडरिश केडिंग यांनी लघुलेखनाची पद्धत सुधारण्याच्या हेतूने सुमारे १ कोटी १० लाख शब्दांची मोजणी माणसे लावून करवली आणि १८९७-९८च्या सुमारास जर्मन भाषेचा वारंवारता-कोश प्रसिद्ध केला. वारंवार येणाऱ्या शब्दांना छोट्या खुणा दिल्या तर लघुलेखकाचा हात वाचतो, हा त्यामागचा साधा हिशेब.

पुढे अमेरिकेतील जॉर्ज झिफ यांनी अशा मोजण्यांमधील एक विलक्षण नियम लोकांसमोर ठळकपणे मांडला. सर्वाधिक वापराचा शब्द जितक्या वेळा येतो, त्याच्या साधारण निम्म्या वेळा दुसऱ्या क्रमांकाचा, एक तृतीयांश वेळा तिसऱ्या क्रमांकाचा, अशी उतरंड लागते. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात १९६१ साली छापल्या गेलेल्या इंग्रजीचा सुमारे १० लाख शब्दांचा संग्रह तयार झाला. त्यात ‘द’ हा एकटा शब्द सुमारे ७ टक्के जागा व्यापतो, तर त्याखालचा ‘ऑफ’ साडेतीन टक्क्यांच्या आसपास. अवघ्या १३५ शब्दांनी त्या संग्रहाचा निम्मा मजकूर भरतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांनी त्याच धर्तीवर भारतीय इंग्रजीचा १० लाख शब्दांचा संग्रह उभारला. १९७८ सालचे भारतीय इंग्रजी लेखन त्यात आहे आणि भाषाशास्त्राच्या जगात तो ‘कोल्हापूर कॉर्पस’ याच नावाने ओळखला जातो. भारतातील इंग्रजी आणि अमेरिकेतील इंग्रजी यांतील फरक केवळ कानाने नव्हे तर आकड्यांनी तपासण्याची सोय त्यामुळे झाली.

वरवर निरर्थक वाटणारे हे चिल्लर शब्द लेखकाची ओळखही पटवतात. अमेरिकेची राज्यघटना लोकांनी स्वीकारावी म्हणून १७८७-८८ साली टोपणनावाने ८५ लेख लिहिले गेले. त्यांतील १२ लेख अलेक्झांडर हॅमिल्टन यांचे की जेम्स मॅडिसन यांचे, हा वाद दीडशे वर्षांहून अधिक काळ चालला. दोघांचे विचार जुळणारे, भाषा त्या काळची सारखीच भारदस्त. फ्रेडरिक मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी मोठमोठ्या संकल्पना बाजूला ठेवून किरकोळ शब्दांवर लक्ष दिले. ‘अपॉन’ हे अव्यय हॅमिल्टन हजार शब्दांमागे सुमारे तीनदा वापरतात. मॅडिसन यांच्या लेखनात ते क्वचितच सापडते. अशा अनेक शब्दांचा ताळेबंद मांडून त्यांनी १९६४ साली निर्वाळा दिला, की वादग्रस्त लेख मॅडिसन यांचे असण्याचीच शक्यता फार मोठी आहे. विषयाला शोभणारे शब्द लेखक जाणीवपूर्वक निवडतो, पण अव्यये त्याच्या हातून नकळत पडतात. बनावट लेखन करणाऱ्यालाही त्यांचे भान राखणे अवघड जाते.

मॅकिलरॉय यांच्या त्या सुप्रसिद्ध सहा आज्ञांना मराठी कादंबरी वाचायला दिली तर काय होईल? उत्तर एका ओळीचे येते: ‘एक’. आणि त्या एकापुढे शब्दाच्या जागी काहीच नसते. कारण पहिल्याच आज्ञेत ‘अक्षर’ म्हणजे इंग्रजीतील ए ते झेड, एवढेच गृहीत धरले आहे. बाकी सर्व केरकचरा समजून झाडून टाकायचे. त्यामुळे शेकडो पानांची कादंबरी पुसली जाते आणि मागे उरलेली एकच कोरी ओळ संगणक इमानेइतबारे मोजून देतो. यात मॅकिलरॉय यांचा दोष नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न इंग्रजीपुरताच होता. पण शब्द म्हणजे काय, याचे उत्तर कोणाच्या भाषेवरून ठरले आहे, हे या कोऱ्या ओळीत स्वच्छ दिसते.

आजची साधने युनिकोड जाणतात, त्यामुळे इतका उघड घोळ होत नाही. होतो तो सूक्ष्म घोळ आणि म्हणूनच अधिक फसवा. पुढील तीन साधी वाक्ये पाहावीत: ‘घराला दार होते. दाराला कडी होती, पण घरात कोणी नव्हते. घराच्या मागे विहीर होती.’ एकूण चौदा शब्द. मोकळी जागा दिसेल तिथे तोडा, एवढेच प्रोग्रॅमला सांगितले तर चौदाही शब्द वेगळे, प्रत्येकी एकदा आलेले, असा निकाल लागतो. ‘होती’ दोनदा आला आहे हे माणसाला दिसते. प्रोग्रॅमला मात्र एक ‘होती’ स्वल्पविरामासकट आणि दुसरा पूर्णविरामासकट दिसतो, म्हणून ते त्याच्या लेखी दोन भिन्न शब्द.

मग विरामचिन्हे काढण्यासाठी विद्यार्थी पाठ्यपुस्तकातील हमखास उपाय करतो: ‘शब्दात येऊ शकणारी अक्षरे’ या अर्थाची तयार खूण वापरून तेवढेच तुकडे उचलायचे. इंग्रजीत हा उपाय उत्तम चालतो. पायथनसोबत मिळणाऱ्या नेहमीच्या सुविधेने तो वरच्या तीन वाक्यांवर केला, तर सर्वाधिक वेळा येणारे ‘शब्द’ म्हणून ‘त’ आणि ‘ह’ पुढे येतात, प्रत्येकी चार वेळा. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, उकार ही अक्षरे नसून अक्षरांना चिकटणारी चिन्हे आहेत आणि या सुविधेच्या व्याख्येत अशी चिन्हे शब्दाचा भाग ठरत नाहीत. त्यामुळे प्रत्येक काना-मात्रेपाशी, प्रत्येक पाय मोडलेल्या अक्षरापाशी शब्दावर सुरी चालते. ‘होती’चे ‘ह’ आणि ‘त’ होतात, ‘मराठी’ची ‘मर’ आणि ‘ठ’ अशी दोन शकले होतात. गंमत अशी, की या मोडतोडीत ‘घर’ मात्र बरोबर तीनदा मोजले जाते, कारण ‘घराला’, ‘घरात’, ‘घराच्या’ हे तिन्ही शब्द नेमके पहिल्या कान्यापाशीच तुटतात. चुकीच्या वाटेने आलेले बरोबर उत्तर याहून चांगले कुठे पाहायला मिळायचे?

उपाय अवघड नाही. युनिकोडने देवनागरीसाठी १२८ जागांचा सलग पट्टा राखून ठेवला आहे. या पट्ट्यातील चिन्हांची सलग ओळ म्हणजे शब्द, मात्र त्यातून दंड, दुहेरी दंड आणि आकडे वगळायचे, एवढे प्रोग्रॅमला स्पष्ट सांगितले की शब्द अखंड राहतात. पण ते सांगावे लागते. न सांगता जे आपोआप मिळते ते इंग्रजीच्या मापाचे असते.

यानंतरही डोळ्यांना सारखे दिसणारे पण संगणकाला वेगळे भासणारे शब्द उरतात. ‘करणाऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतील अर्धा ‘र’ लिहिण्याच्या संगणकात एकाहून अधिक रीती आहेत. कोणी खालच्या टिंबाचा स्वतंत्र ‘ऱ’ वापरतो, तर कोणी साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे उमटतात. प्रोग्रॅम त्यांची दोन खाती उघडतो. ‘ॲ’चेही तसेच. त्याला २००८ साली युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली. ‘अ’वर चंद्र देऊन लिहिण्याची रीतही प्रचारात राहिली. जुन्या पुस्तकांच्या बाबतीत शुद्धलेखनाची भर पडते. १९६२ साली मान्य झालेल्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीचे ‘कांहीं’ आणि नंतरचे ‘काही’ एकाच खात्यात घालायचे असतील तर तेही मोजणाऱ्यानेच ठरवायचे. आणि इंटरनेटच्या आरंभीच्या काळातील मराठी मजकूर तर याहून बिकट अवस्थेत आहे. त्या काळात ज्याने त्याने आपापला फॉन्ट वापरला आणि इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवले. पडद्यावर मराठी दिसे, फाईलमध्ये मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी. तो मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घेतल्याखेरीज त्याची मोजणी निरर्थक आहे.

समजा, हे सर्व सोपस्कार यथासांग पार पडले. आता त्या तीन वाक्यांची मोजणी काय सांगते? ‘होती’ दोनदा, बाकीचे बारा शब्द एकेकदा. आणि ‘घर’? शून्य वेळा. सगळा उतारा घराबद्दल आहे, तिन्ही वाक्यांत घराचा उल्लेख आहे, पण ‘घर’ हा शब्द त्यात नुसता एकदाही आलेला नाही. मराठीत नामाला प्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते आणि प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय त्याला जोडूनच लिहिले जाते. घराला, घरात, घरी, घराचा, घरासमोर, घरांपर्यंत, घरासाठीच. ही मालिका सहज लांबवता येते. इंग्रजीत यांपैकी बहुतेक कामे सुटे शब्द करतात, म्हणून तिथे मूळ शब्दाची मोजणी फारशी बिघडत नाही. मराठीत एकेका शब्दाची पुंजी अनेक खात्यांत विखुरते आणि कोणतेच खाते यादीच्या वरच्या भागात पोहोचत नाही.

प्रत्यय कापून टाकावेत, हा सुचणारा पहिला उपाय. शब्दाच्या शेवटी ‘ला’ दिसला की छाटायचा. ‘घराला’ला ते मानवते. पण ‘आला’, ‘गेला’, ‘कला’ यांचे काय करायचे? ‘कला’मधून ‘ला’ काढल्यावर उरतो तो नुसता ‘क’. शिवाय प्रत्यय काढल्यावर हाती येते ते सामान्यरूप. त्यावरून मूळ शब्दाकडे परतणे ही वेगळीच परीक्षा. ‘माळ्याला’ हे रूप माळा या शब्दाचे की माळी या शब्दाचे, हे त्या एका शब्दावरून व्याकरणही सांगू शकत नाही. वाक्यात झाडे आहेत की छप्पर, हे पाहावे लागते. म्हणजे शब्द मोजायला बसलेल्या प्रोग्रॅमला वाक्याचा अर्थ थोडाफार कळणे आवश्यक झाले.

ही अडचण एकट्या मराठीची नाही. इटलीतील जेझुइट धर्मगुरू रॉबेर्तो बुसा यांना ती लॅटिनमध्ये भेटली होती. संत थॉमस अक्वायनस यांच्या लेखनातील ‘सान्निध्य’ या कल्पनेचा अभ्यास करताना त्यांच्या ध्यानात आले, की या कल्पनेचा धागा मोठ्या शब्दांपेक्षा ‘इन’ या बारक्या अव्ययात दडला आहे. मग अक्वायनस यांचा प्रत्येक शब्द टिपण्याचा संकल्प करून १९४९ साली ते न्यूयॉर्कला आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले. छिद्रांकित कार्डांच्या साह्याने सुरू झालेले ते काम काही दशके चालले आणि सुमारे १ कोटी १० लाख शब्दांची सूची ५६ छापील खंडांत अवतरली. लॅटिनमधील विभक्तीची रूपे मूळ शब्दाखाली आणण्याचे काम यंत्राच्या बळावर सुटणारे नव्हते. त्यासाठी जाणकार माणसांना एकेक रूप पारखून घ्यावे लागले. मराठीसाठीही १९९०च्या दशकात केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या योजनेत पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये मजकूरसंग्रहाचे काम झाले. पण मजकूर जमवणे ही पहिली पायरी. रूपे पारखण्याचे काम त्यापुढचे आणि कितीतरी अधिक चिकाटीचे.

या साऱ्याचा सामान्य वाचकाच्या जगण्याशी संबंध आहे का? मोबाईलवर मराठी टंकताना पुढचा शब्द सुचवला जातो, तो अशाच मोजणीच्या बळावर. शब्दांची मापे चुकली की सूचनाही चुकतात. शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनाच्या यादीत ‘घरासमोरच्या’ हे रूप नसेल, तर तो बिनचूक शब्द लाल रेघेचा धनी होतो. शोधयंत्रात ‘विहीर’ शोधणाऱ्याला ‘विहिरीत’ असलेला लेख सापडत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भाषा-प्रारूपांत तर ही मोजणी पायाशीच आहे. ही प्रारूपे मजकूर अख्ख्या शब्दांत वाचत नाहीत, तुकड्यांत वाचतात आणि तुकडे कसे पाडायचे हे मोजून ठरते. फिलिप गेज यांनी १९९४ साली मजकूर कमी जागेत बसवण्यासाठी एक युक्ती मांडली होती: शेजारी शेजारी सर्वाधिक वेळा येणारी जोडी शोधायची, तिला एक नवे चिन्ह द्यायचे आणि पुन्हा मोजायचे. २०१६ सालापासून हीच युक्ती शब्दांचे तुकडे पाडण्यासाठी रूढ झाली. जो शब्द मोजणीत वारंवार आला त्याला अखंड तुकडा होण्याचा मान मिळतो. जो कमी आला तो चुऱ्याच्या रूपात राहतो. मोजणीसाठी घेतलेला मजकूर बव्हंशी इंग्रजी असेल, तर मराठीच्या वाट्याला चुराच येतो. त्यात युनिकोडच्या प्रचलित साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, इंग्रजी अक्षर एक. ‘घराच्या’ हा शब्द २१ बाइटांचा. घरासाठीचा इंग्रजी शब्द ‘हाउस’ पाच बाइटांचा. अशा सेवांचे दर अनेकदा तुकड्यांवर आकारले जातात आणि एका वेळी किती मजकूर विचारात घ्यायचा याची मर्यादाही तुकड्यांतच असते. म्हणून तोच आशय मराठीत मांडणाऱ्याला अधिक पैसे पडतात आणि त्याच्या मजकुराला जागा कमी मिळते. अलीकडच्या प्रारूपांत भारतीय भाषांचा मजकूर वाढवल्याने ही दरी काही प्रमाणात अरुंद झाली आहे, मात्र ती बुजलेली नाही.

त्या तीन वाक्यांची मोजणी हाताने, मूळ शब्द ध्यानात घेऊन केली तर ‘घर’ तीनदा आणि ‘दार’ दोनदा भरते. ‘होते’ आणि दोन्ही ‘होती’ एका खात्यात जमा होतात. राहतो तो ‘नव्हते’. तो त्याच खात्यात मांडायचा की नकाराचे स्वतंत्र खाते उघडायचे, यावर दोन कोशकारांचे एकमत होईलच असे नाही. आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र पहिली ओळ लिहिण्यापूर्वीच त्याचा निर्णय करावा लागतो.